कॅन्सर परततो तो मूळपेशींमुळेच का?

सायली_के:
केमोनंतर स्कॅन स्वच्छ येतो, घरात पेढे वाटले जातात आणि पुढे काही काळाने तोच रोग पुन्हा उभा राहतो. माझं ठाम मत आहे की याचं मूळ कॅन्सरच्या मूळपेशींत आहे, म्हणजे ज्यांतून अख्खा रोग नव्याने उभा राहू शकतो अशा पेशींत. टोरांटोच्या जॉन डिक यांच्या गटाने १९९४ मध्ये तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या (एक रक्ताचा कॅन्सर) पेशी उंदरांत टोचल्या. रोग नव्याने उभा करणारी पेशी होती सुमारे २,५०,००० मध्ये एक! केमो मारते भराभर विभागणाऱ्या पेशींना, आणि या बहुधा निपचित असतात. मग गाठ किती आकसली यावरच नवं औषध का जोखायचं?

रानपाखरू:
साफ असहमत. असे आकडे कोणता उंदीर घेतला यावर ठरतात. मेलानोमात, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरमध्येही, अशी पेशी फार विरळ मानली जायची. २००८ मध्ये मिशिगनच्या शॉन मॉरिसन यांच्या गटाने प्रतिकारशक्ती आणखी क्षीण असलेले उंदीर घेतले, तेव्हा साधारण चारातली एक पेशी गाठ करू लागली. मूठभर पेशींना खलनायक ठरवण्याआधी हे बघा.

सायली_के:
मेलानोमाचं मान्य. पण २०१२ मध्ये लुइस परादा यांच्या गटाने उंदराच्या स्वतःच्याच मेंदूत वाढलेली गाठ तपासली, टोचलेली नव्हे. टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध दिल्यावर गाठ पुन्हा वाढली ती निपचित पेशींच्या एका छोट्या गटातून. इथे तुमचा आक्षेप लागू होत नाही.

मुक्ता:
सायलीताई, त्या पेशी मारल्या की काम झालं, असंही नाही. जेनेनटेक या औषध कंपनीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये उंदरांच्या आतड्याच्या गाठीतल्या एलजीआर-५ ही खूण असलेल्या मूळपेशी नेमक्या टिपून मारल्या. गाठ वाढायची थांबली, पण विरली नाही. मारणं थांबवताच उरलेल्या साध्या पेशींतून नव्या मूळपेशी तयार झाल्या. यकृतात पसरायला मात्र या पेशी लागतातच, हेही त्याच प्रयोगात दिसलं. त्यामुळे मूळपेशींवरचं औषध नेहमीच्या उपचारासोबतच द्यावं लागेल.

रानपाखरू:
आणि पेशी उरल्या म्हणजे रोग परततोच असंही नाही. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये दोन वर्षं रोग चाचणीत न सापडलेल्या रुग्णांचं इमॅटिनिब हे गोळीचं औषध फ्रान्समध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवलं. २०१० च्या निष्कर्षांत वर्षभरानंतर सुमारे ४० टक्के जण औषधाविना ठीक होते. अशा काही रुग्णांत अतिसंवेदनशील चाचणीला रोगाच्या पेशींची खूण सापडते, तरी रोग उसळत नाही. त्यांना कोण रोखून धरतं, ते शोधायला पैसा लावा. (हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळी बंद करू नका, कळकळीची विनंती.)