कृपा आली म्हणजे नियमशास्त्र गेलं का?

कोरापाटी:
‘आपण कृपेखाली आहोत, नियमशास्त्राखाली नाही’ (बायबल, रोमकरांस ६:१४; नियमशास्त्र म्हणजे देवाने मोशेद्वारे दिलेल्या आज्ञा, कृपा म्हणजे न कमावता मिळालेली देवाची दया) हे वाक्य तोंडावर फेकलं की वाद संपला, असं अनेकांना वाटतं. पुढचंच वचन कुणी वाचत नाही. तिथे पत्राचा लेखक प्रेषित पौल विचारतो, मग पाप करावं काय? आणि स्वतःच ठणकावतो, मुळीच नाही!
नव्या कराराचं (देवाने आपल्या लोकांशी बांधलेल्या नव्या नात्याचं) मूळ वचन यिर्मया ३१ मधलं. देव तिथे नियमशास्त्र रद्द करत नाही, ते हृदयावर लिहीन म्हणतो. पाटी बदलली, मजकूर तोच.

उंबरठा:
मजकूर तोच? मग सुंतेचं काय झालं? यरुशलेमच्या सभेत (प्रेषितांची कृत्ये १५) परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर, हे जोखड लादायचं नाही असं ठरलं. इब्री ८ तर यिर्मयाचं तेच वचन उद्धृत करून पहिल्या कराराला सरळ ‘जुना’ ठरवतं.

कोरापाटी:
सुंता, यज्ञ हे विधी. ते ख्रिस्तात पूर्ण झाले. नैतिक आज्ञा राहिल्या.

उंबरठा:
ही वाटणी सोयीची आहे खरी, पण तोराहमध्ये (मोशेच्या पाच पुस्तकांत) ती आखलेली कुठे आहे? लेवीय १९:१८ म्हणतं शेजाऱ्यावर प्रीती कर, १९:१९ म्हणतं दोन प्रकारच्या सुतांचं कापड घालू नको. मध्ये रेघ नाही. आणि २ करिंथ ३ मध्ये पौल ज्याला मरणाची सेवा म्हणतो, ते दगडावर कोरलेलं होतं. दगडावर दहा आज्ञा होत्या, यज्ञांचे नियम नव्हे.

कोरापाटी:
सुतांचा मुद्दा मान्य, माझी वाटणी कच्ची आहे. पण त्याच अध्यायात पौल हृदयाच्या मांसमय पाट्यांबद्दलही बोलतो. तिथे लिहिलंय काय मग? कोरं तर नसेल!

तिसरापाय:
तुम्ही दोघं जुना करार म्हणजे निव्वळ कायदा धरून चाललायत. निर्गम २० उघडा. पहिल्या आज्ञेच्या आधी वाक्य आहे: मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं. सुटका आधी, आज्ञा नंतर. सीनाय पर्वतावर आज्ञा मिळाल्या, तिथेही सुरुवात कृपेनेच झाली होती.

उंबरठा:
हे पटतं. तरी गलतीकरांस ३ मध्ये नियमशास्त्राला बालरक्षक (लहान मुलावर देखरेख ठेवणारा) म्हटलंय आणि विश्वास आल्यावर आपण बालरक्षकाच्या हाताखाली नाही, असंही. मूल मोठं झालं.

कोरापाटी:
मोठं झालं म्हणून बालरक्षकाने शिकवलेलं विसरतं का?

उंबरठा:
नाही विसरत. पण त्याला विचारून घराबाहेरही पडत नाही.