माळ्यावरून उतरलेली भांडी: तुमच्याकडे काय टिकलं?

नॉनस्टिकचे पोपडे निघायला लागले, म्हणून बिडाचे तवे, लोखंडी कढया नि पितळी पातेली पुन्हा ओट्यावर आली आहेत. काही नुसती फोटोपुरती. तुमच्याकडे काय परत आलं आणि रोजच्या वापरात राहिलं का, ते लिहा. शोकेसमध्ये गेलं असेल तर तेही सांगा.

रत्नांग्री
घावन नॉनस्टिकवर होतं, पण जाळी पडत नाही. त्यासाठी भिडंच, म्हणजे बिडाचा तवाच हवा. सणसणीत तापवायचं, अर्धा कांदा सुरीला टोचून तेलात बुडवून फिरवायचा, पातळ पीठ वरून ओतायचं आणि लगेच झाकण. चर्र वाजलं नाही तर ते घावन गेलंच समजा. साबण लावायचा नाही. सासूबाईंचा कायदा आहे, मी मोडत नाही.

पेठकर
पितळेचं कौतुक करणाऱ्यांनी आधी कल्हईवाला शोधून ठेवा. आमच्या वाड्यात यायचा तेव्हा आम्ही पोरं भात्याभोवती कोंडाळं करून बसायचो. भांडं तापलं की नवसागर टाकायचा, भसकन पांढरा धूर. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे कापसाचा बोळा झरझर फिरवला की काळं पातेलं बघता बघता चांदीसारखं. लगेच पाण्यात. ही कल्हई विरली की ताक, आमटी कळकते. आंबटात तांबं उतरतं आणि मळमळतं. तेव्हा कल्हई नसेल तर चिंच, कोकम, टोमॅटो लांबच ठेवा. आणि कथील शुद्ध आहे ना, एवढं विचारा. शिसं मिसळलेलं स्वस्त पडतं, पण ते पोटात जातं.

खवचट_खानावळ
माझं निरीक्षण: पाट्यावरच्या वाटणाची आठवण ते कधीच न वाटलेल्यांना जास्त येते. पितळ चिंच-मीठ लावून घासतं कोण? आमच्याकडे मावशी. त्यांनी साफ सांगितलं, "ताई, ही भांडी रोज असतील तर पगार वाढवा." रास्त होतं. वाढवला. तो जमत नसेल तर स्टील बरं.

मेथीची_जुडी
लोखंडी कढई टिकली. लेकीचं हिमोग्लोबिन कमी निघालं तेव्हा आणली. डॉक्टर म्हणाल्या, कढईने थोडं लोह मिळेल, गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत. भाजी शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढते, नाहीतर काळी पडते आणि लेक ताटाकडे बघतही नाही. धुतल्यावर पुसून तेलाचा हात. ओली ठेवली की सकाळी गंज.

शिकागोकर
इथे जुन्या सामानाच्या दुकानात बिडाचा जाड तवा मिळाला. इथले लोक त्यावर मांस भाजतात, आमच्याकडे थालीपीठ. मधल्या भोकाभोवतीचा कडक भाग कोणी खायचा यावर भांडण होतं.

नवा_ओटा
इंडक्शनवाल्यांसाठी: बीड, लोखंड चालतं. पितळ-तांब्याला शेगडी दादच देत नाही. आईने हौसेने दिलेला पितळी टोप म्हणून गॅसवर, आणि गॅस बाल्कनीत.