शब्दचर्चा: सौनातल्या 'लोयल्यु'ला मराठीत काय म्हणावं? आणि पळी, डाव की डवली?

पाटीकर
दापोलीकडच्या समुद्रकाठच्या एका निवासात लाकडी सौना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, बसवलाय. आत लावायच्या पाटीचं मराठी करायचं आहे. मजकूर सातच ओळींचा, पण तीन जागी गाडी अडलीय.

१. तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की जी वाफ अंगावर येते तिला फिनिश भाषेत 'लोयल्यु' म्हणतात. इंग्रजी मजकुरात तो शब्द तसाच ठेवलाय. मी 'वाफारा' लिहिलं. तपासणाऱ्यांचं म्हणणं, वाफारा म्हणजे सर्दी झाल्यावर डोक्यावरून चादर घेऊन घेतात तो.
२. पाणी टाकायचं लांब दांड्याचं लाकडी भांडं. पळी, डाव, ओगराळं, की आणखी काही?
३. बर्चच्या डहाळ्यांची जुडी, जिने अंगावर हलके फटके मारतात. इथे कुणीतरी आधीच 'खराटा' लिहून ठेवलं होतं, ते खोडलं.

शिवाय 'सौना' की 'सॉना', तेही सांगा.

मुळाक्षर
शेवटचं आधी. 'सौना'च. फिनिश उच्चार 'साउना'च्या जवळ जातो, आणि आपला औ त्याला पुरतो. 'सॉना' इंग्रजीच्या दारातून आलाय.

वाफारा चुकीचा आहे, पण तपासणाऱ्यांनी दिलेल्या कारणाने नाही. वाफारा घेताना माणूस वाफेकडे जातो, तिच्यावर वाकतो. सौनात वाफ माणसाकडे येते. आणि मुळात सौना ही वाफेची खोली नव्हेच. आतली हवा कोरडी असते, ८० ते ९० अंश. पाणी टाकल्यावर तेवढ्यापुरता दमटपणा वाढतो आणि मिनिटाभरात उतरतो. 'स्टीम बाथ' वेगळा: तिथे ४०-४५ अंशच असतात, पण हवा वाफेने गच्च भरलेली. म्हणून खोलीला 'वाफस्नान', 'बाष्पगृह' असलं काही पाटीवर लिहू नका. लोक दोन्ही एकच समजतील आणि कोरडी हवा बघून 'मशीन बिघडलंय' म्हणून तक्रार करतील.

खाजण
लोयल्युला 'झळ' म्हणा की. शेगडीच्या जवळ बसलं की सतत लागते ती धग. येते आणि जाते ती झळ. मराठीत हा फरक आयताच आहे.

मुळाक्षर
झळ सोसायची असते हो. उन्हाची झळ, महागाईची झळ. पैसे मोजून झळ कोण घेईल?

खाजण
मग 'लोट'? 'भपकारा' सुचला होता, पण त्याला वास चिकटलाय. भपकारा म्हटलं की गटार आठवतं.

संस्कृतपंचा
'स्वेद' हा हक्काचा शब्द असताना ही शोधाशोध कशाला? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौदावा अध्याय पूर्ण स्वेदनावर आहे. अग्नीच्या स्वेदाचे तेरा प्रकार दिलेत. त्यातला 'जेंताक' वाचा आणि मग सांगा सौना परका आहे का. गोल खोली, मातीने लिंपलेली, तिला बऱ्याच खिडक्या. भिंतीलगत दारापर्यंत एक अरत्नि (साधारण हातभर) रुंद आणि तितकाच उंच ओटा, त्याचं नाव पिंडिका. मधोमध पुरुषभर उंचीची भट्टी, बारीक भोकांची, झाकण असलेली. तिच्यात खदिर आणि अश्वकर्णाची लाकडं जाळायची, धूर पूर्ण गेला की तेल लावून, अंगावर वस्त्र घेऊन आत जायचं. चक्कर आली तरी पिंडिका सोडायची नाही अशी सक्त ताकीद आहे, कारण ती सोडली तर दार सापडणार नाही. बाहेर आल्यावर लगेच गार पाणी नाही, डोळ्यांना बाधतं. एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं, थांबून कोमट पाण्याने स्नान.

पाटीवर 'स्वेदनकक्ष' लिहा.

पाणचूल
जेंताकाची आठवण चांगली काढलीत, पण फिनलंडात नेमकं उलटं करतात. तापून निघाले की सरळ तळ्यात, नाहीतर बर्फात. 'स्वेदनकक्ष' वाचून माणूस जेंताकाचे नियम पाळायला लागला तर निवासवाल्यांचं गार पाण्याचं पिंप फुकट गेलं.

आणि त्याच अध्यायात तुमच्या उपयोगाचा प्रकार वेगळाच आहे: 'अश्मघन'. शिळेवर आग पेटवून ती तापवायची, निखारे काढायचे, मग तिच्यावर गरम पाण्याचं प्रोक्षण करायचं आणि लोकरीचं किंवा रेशमी वस्त्र घालून वर झोपायचं. तापल्या दगडावर पाणी टाकण्याची क्रिया इथे आहे, तीही क्रियापदासकट.

मुळाक्षर
'दगडांवर प्रोक्षण करावे'. पुढची ओळ 'आचमन करून आसनस्थ व्हावे' अशी घ्या. दर्भ निवासाकडून मिळेल.

पाणचूल
मी लिहा म्हटलं नाही, आहे म्हटलं. लिहायला माझा शब्द 'शिपका'. 'दगडांवर पाण्याचा शिपका मारा.' यात प्रमाणही येतं. 'पाणी ओता' लिहिलंत तर लोक बादली रिकामी करतील.

सगळी गोम प्रमाणात आहे, म्हणून जरा सविस्तर. एका वेळी १०० ते २०० मिली, त्याहून जास्त नाही. तेवढं पाणी दगडांवरच उडून जातं आणि वाफ मऊ येते. अर्धा लिटर टाकलं तर वरचे दगड विझतात, उरलेलं पाणी उकळत खाली घरंगळतं, विजेच्या शेगडीत कांबींवर पडतं, आणि वाफेऐवजी गरम थेंब पायावर उडतात. शिपका सगळ्या दगडांवर पसरून मारायचा, एकाच जागी नाही. मारताना हात बाजूने पुढे करायचा. वाफ सरळ वर जाते, शेगडीवर वाकलेल्या माणसाचं मनगट आणि तोंड भाजतं. दांडा लांब असतो तो याचसाठी.

दगड पूर्ण तापण्याआधी पाणी टाकलं तर वाफ न होता नुसतं ओलं होतं. विजेच्या शेगडीला साधारण पाऊण ते एक तास द्यावा लागतो. समुद्राचं पाणी अजिबात नको, मीठ दगडांवर साचतं आणि शेगडी गंजते. पाटीवर ही ओळ ठळक हवी, कारण समुद्र दहा पावलांवर असला की हौशी माणूस बादली भरून आणणारच. विहिरीचं पाणी जड असेल तर दगडांवर पांढरा थर धरतो.

दगडांचं निघालंच आहे तर: जांभा चालत नाही. सच्छिद्र असतो, पाणी धरतो, तापून-निवून त्याचा भुगा होतो. किनाऱ्यावरचे किंवा नदीतले गोल गोटे दिसायला छान, पण आत ओल असेल तर तापल्यावर फुटून उडतात. त्या कामाचा घट्ट काळा दगडच लागतो आणि तोही तडकायला लागला की बदलायचा.

डवलीवाला
भांड्याचा प्रश्न राहिला. पळी नको. पळीत आमटी नाहीतर संध्येचं पाणी. ओगराळं खोल असतं, त्यात माप बरंच बसतं आणि दांडा उभा असतो, शिपका मारता येत नाही. डाव धातूचा. ८५ अंशांच्या खोलीत धातूचा दांडा धरून बघा म्हणजे लाकडी का करतात ते कळेल. बाकावरचे खिळेसुद्धा लाकडात खोल बुडवून मारतात ते त्यामुळेच.

आपल्याकडे डवली आहे. करवंटी आणि आडवा घातलेला बांबूचा दांडा. माप दीड-दोनशे मिलीच्या आसपास, म्हणजे नेमकं हवं तेवढं. फक्त कोरड्या उष्णतेत दांडा आक्रसून सैल होतो, म्हणून आधी भिजवावी.

पाटीकर
डवली हा शब्द पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला कळेल?

डवलीवाला
कळत नसलो तर इचारूंदे. बादलीत तीच एक वस्तू असतली, दुसरी उचलूचो कोण?

मुळाक्षर
बादलीवरून: ती पोर्तुगीज 'बाल्दे'. शुद्ध मराठी पाटी करायला बसलात तर तिलाही बाहेर काढा. 'कुंभ' लिहा, संस्कृतपंचा खूश होतील.

संस्कृतपंचा
बादली रुळली आहे, ती राहू दे. रुळलेलं आणि आज मुद्दाम आणलेलं यात फरक आहे. 'लोयल्यु' उद्या रुळणार आहे का? ज्याचा उच्चारही करता येत नाही तो शब्द पाटीवर कशाला?

पाणचूल
बादली लाकडी असेल तर एक ओळ तिच्यासाठी पण लागेल. चार-पाच लिटरची, फळ्या जोडून केलेली. कोरडी पडली की फटी पडतात आणि गळते, तेव्हा वापरण्याआधी पाणी भरून फळ्या फुगू द्यायच्या. काम झालं की पाणी काढून उपडी नाही, आडवी ठेवायची, वारा लागेल अशी. कोकणातल्या पावसाळ्यात उपडी ठेवली तर आतून बुरशी धरते.

खाजण
जुडीला 'कवळ' का नाही? शेताच्या भाजावळीसाठी पाल्यासकट डहाळ्या तोडून बांधतात ती कवळ. आकारही तोच.

मुळाक्षर
कवळ जाळायची असते. पाहुणा काडेपेटी मागेल.

आणि 'खराटा' खोडलात, पण रशियन 'वेनिक' म्हणजे खराटा आणि बान्यातली (त्यांच्या गरम न्हाणीतली) जुडी दोन्ही. त्यांना त्यात काही खटकत नाही. फिनलंडात तर नावावरून आपल्यासारखंच चालतं: पश्चिमेकडे 'विह्ता', पूर्वेकडे 'वास्ता', आणि दोघांनाही आपलंच खरं वाटतं.

पाणचूल
साधं 'जुडी' लिहा. बर्चची जुडी जूनमध्ये दक्षिणायन लागतं त्या सुमारास तोडतात. त्याआधी पान कोवळं असतं, उशिरा तोडली तर झडतं. सावलीत टांगून वाळवतात. वापरताना कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवायची. उकळतं पाणी घातलं तर पान सुटतं आणि पहिल्या फटक्यालाच बाक हिरवा होतो. मोरीच्या जाळीवर पाला अडकतो, तेव्हा सफाईवाल्यांनाही सांगून ठेवा.

बसायच्या कापडाला फिनिशमध्ये 'पेफलेत्ती' म्हणतात. आपला 'बस्कर' तंतोतंत बसतो. घाम लाकडात मुरू नये आणि बूड भाजू नये, दोन्ही कामं करतो.

गडनदी
उष्णतेचा शब्द कोकणातच आहे आणि तो कुणी काढला नाही. 'ऊन' पाणी. ऊन म्हणजे गरम, नुसता सूर्यप्रकाश नव्हे. राजापूरजवळचं 'उन्हाळे' गाव गरम पाण्याच्या झऱ्यावरून. दापोली तालुक्यातलं उन्हवरे, तेही तसंच. मग सौनाला 'उन्हाळघर' म्हणा.

मुळाक्षर
आणि आत बसणं म्हणजे 'उन्हाळी लागणं'? लघवीला जळजळ होते त्याला म्हणतात ते. पाटी बघूनच पाहुणे वैद्याकडे जातील.

गडनदी
उन्हाळघर म्हटलंय, उन्हाळी नव्हे.

खाजण
गंमत बघा. गरम पाण्यात गार पाणी घालण्याला आपल्याकडे खास शब्द आहे, विसण. डोक्यावरून ते न्हाणं, नुसत्या अंगावरून ती आंघोळ, हा भेदही आहे. पाय घासायला वजरी आहे. पण तापल्या दगडावर टाकलेल्या पाण्याला शब्द नाही. न्हाणीत माणूस पाण्याने गरम होतो, दगडाने नाही, म्हणून लागलाच नसणार.

संस्कृतपंचा
लागला होता. अश्मघन.

गडनदी
परक्या न्हाणीचे शब्द आपल्याकडे आले की ओळखू येत नाहीत, इतकंच. तुर्की हमाममध्ये अंग घासायचा खरखरीत हातमोजा असतो, त्याला 'केसे' म्हणतात. केसे म्हणजे पिशवी, फारसीत 'कीसा'. त्याच कीसाचा आपला 'खिसा'. पाठ घासायचं आणि पैसे ठेवायचं, शब्द एक. जपानी 'फुरोशिकी'चंही तसंच: 'फुरो' म्हणजे न्हाणं. न्हाणीघरात कपडे गुंडाळायचं कापड आता बाजारहाटीला जातं.

डवलीवाला
मग 'बंब' घ्या. तोही पोर्तुगीजच, 'बोंबा' म्हणजे पंप.

मुळाक्षर
आगीचा बंब पंप होता, कबूल. पाणी तापवायच्या बंबात पंप कुठे असतो? मधोमध नळकांडं, खाली जाळी, बाजूला तोटी.

डवलीवाला
नरसाळ्याचा बंब बघा. वरून गार पाणी ओतलं की तळाशी जातं आणि तेवढंच गरम पाणी वरच्या तोटीतून बाहेर ढकललं जातं. एकीकडून घालायचं, दुसरीकडून काढायचं.

मुळाक्षर
ढकलणं म्हणजे पंप नव्हे. आणि सिंधुदुर्गात बंब कुठला, तिथे भाण. चुलवणावर बसवलेलं, खाली नारळाची सोडणं जाळायची.

डवलीवाला
भाण वेगळा, बंब वेगळो. भाणाक तोटी नसता.

पाटीकर
मंडळी, पाटी उद्या रंगवायला जायचीय. 'डवलीने दगडांवर पाण्याचा एक शिपका मारावा, समुद्राचे पाणी वापरू नये, बस्करावर बसावे' इथपर्यंत आलोय. लोयल्युची जागा अजून रिकामी आहे.

पाणचूल
रिकामीच ठेवा. शिपका मारल्यावर काय होतं ते कळेलच.

संस्कृतपंचा
रिकामी कशी ठेवता येईल? मजकूर सात ओळींचा आहे.

डवलीवाला
तोटी असलेलां भाण कोणी बघितलां असात तर सांगा.