जुनी पैठणी भिंतीवर लावायची आहे, फ्रेम करू का?

काठपदर: नऊवारी पैठणी, साधारण 70 वर्षांची. घड्यांवर रेशीम चिरतंय, जरीकाठ काळवंडलाय. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हॉलमध्ये लावायची आहे, समोर पश्चिमेची खिडकी. फ्रेमवाले प्लायवर गोंदाने चिकटवू म्हणतात. जरीकाठ कशाने घासावा?

मांजरपाट: गोंद अजिबात नको! तो वाळून कडक होतो, पिवळा पडतो आणि रेशमातून पुन्हा निघत नाही. प्लायमधून आम्ल सुटतं ते वेगळंच. काठ घासूही नका. जुनी जर म्हणजे रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. चिंच-सोड्याने काळेपणाबरोबर मुलामाही जातो. धूळ काढायची तर व्हॅक्यूमच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी बांधून, सगळ्यात कमी ओढीवर.

वेखंड: नऊवारी सव्वाआठ मीटर. फ्रेममध्ये ती घडी घालूनच मावणार आणि चिरा घडीवरच पडतात. त्यापेक्षा रोल करा. लक्ष्मी रोडच्या कापड दुकानातून ताग्याची पुठ्ठ्याची नळी घ्या, पन्ह्यापेक्षा 10 सेंमी लांब, शक्य तितक्या मोठ्या घेराची. पुठ्ठाही आम्लधर्मी, म्हणून आधी ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर खळ धुऊन काढलेलं मांजरपाट. साडीची सुलट बाजू बाहेर ठेवून, थरांमध्ये मलमल घालत सैलसर गुंडाळा. निऱ्यांकडून सुरुवात करा, म्हणजे पदर वर राहील. नळी दोन ब्रॅकेटवर ठेवून पदर फक्त 60 सेंमी खाली सोडा. पूर्ण साडी टांगली तर सगळं वजन त्या चिरांवर येतं. हात धुऊन कोरडे, अंगठ्या-बांगड्या काढून.

पश्चिमेचं ऊन मात्र चालणार नाही. पडलेला रंग परत येत नाही. आतली भिंत निवडा, प्रकाश 50 लक्सच्या आत. दसऱ्याला लावा, संक्रांतीला उतरवा.

काठपदर: मग पावसाळ्यात? कपाटात डांबरगोळ्या आहेत.

वेखंड: काढून टाका. कापूरही सोबत असेल तर दोन्ही मिळून पाझरतात, डाग पडतात. वेखंडाची पुरचुंडी चालेल, पण कापडाला न टेकवता. रोल मांजरपाटात गुंडाळून रुंद नाडीने बांधा. रबर, टाचणी, प्लॅस्टिकची पिशवी नको. आर्द्रतामापक ठेवा. 65 टक्क्यांवर बुरशीची भीती, म्हणून सिलिका जेल, तेही वेळोवेळी तापवून. दर महिन्याला उघडून कसर बघा.

मांजरपाट: फ्रेम हवीच असेल तर साडीऐवजी एखादी खणाची चोळी फ्रेम करा. मांजरपाट ताणलेल्या आम्लरहित बोर्डावर बारीक रेशमी दोऱ्याने, सुई धाग्यांच्या मधून काढत टाके घाला. काच कापडापासून 1 सेंमी दूर. टेकली तर पावसाळ्यात आत दव धरतं.