मदत हवी आहे: माल भरला की ट्रॉली मागून झुलते

राम राम मंडळी, काटोलकडून नागपूरच्या कळमना मार्केटला संत्रा ट्रॅक्टरनं आणतो आम्ही, ट्रॉली दोन चाकी आहे, रिकामी असली की सरळ चालते पण कॅरेट भरले अन् जरा स्पीड घेतला की डावी-उजवीकडे झुलून राहिली, उतारावर तर ट्रॅक्टरलाच धक्का देते. लहान भाऊ चालवतो म्हणून जास्त काळजी वाटते.

वजन मागं गेलं की हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते हे माहीत आहे. कारच्या ट्रेलरला साधारण 60 टक्के वजन एक्सलच्या पुढं ठेवायला सांगतात, पण आपल्या ट्रॉलीत तसं भरलं तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होऊन स्टेअरिंग नीट लागत नाही, मग तुम्ही कसं भरता भाऊ?

दुसरं, हूकाचं भोक घासून लांबट झालंय, पिन आत खडखड वाजते अन् क्लिपच्या जागी तार बांधलेली आहे. वेल्डिंग करून भागेल का पूर्ण हूकच बदलावा? सोबत सेफ्टी चेन लावायची तर किती ढिली ठेवायची, वळताना ताणली नाही पाहिजे अन् खाली घासली पण नाही पाहिजे.

भाऊ रोडवर ट्रॅक्टरचे डावे-उजवे दोन्ही ब्रेक पेडल जोडूनच चालवतो, उतारावर गिअरमध्येच ठेवतो, क्लच दाबत नाही. पण ट्रॉलीला स्वतःचे ब्रेकच नाहीत. जुन्या ट्रॉलीला नागपुरात कोणी ब्रेक बसवून घेतले आहेत का, अन् खर्च किती आला? लवकर सांगा, तोडा सुरू आहे.