मदत हवी आहे: एम.कॉम.नंतर जाहिरात आणि ग्राहक वर्तनावर पीएच.डी., पण कोणत्या विषयातून?

नमस्कार. मी लातूरचा, एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. पुढे पीएच.डी. करायची आहे. प्रश्न पक्का आहे: शेतकरी सोयाबीनचं बियाणं कशावरून निवडतो? पेरणीच्या तोंडावर आमच्याकडे भिंती बियाण्यांच्या जाहिरातींनी रंगलेल्या असतात. पण कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर माणूस विचारतो, "औंदा कोणतं चाललंय?" आणि दुकानदार दाखवेल ती बॅग उचलतो. भिंत, दुकानदार, शेजाऱ्याचं मागच्या सालचं पीक, यात कशाचं वजन किती ते मला मोजायचंय. हे काम मराठवाड्यात व्हायलाच हवं.

अडचण विषयाची. २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेश मिळतो, म्हणून नेटचे अभ्यासक्रम चाळले. ग्राहक वर्तन वाणिज्यात येतं, जाहिरातीचं अख्खं युनिट जनसंवादात. आमच्या सरांना विचारलं, ते मॅनेजमेंट म्हणाले. दुसऱ्या मॅडम जनसंवादच घे म्हणतात. अहमदाबादची मायका (MICA) ही जाहिरात-जनसंवादाची संस्था माहीत आहे, फी झेपणारी नाही. घरची शेती बघावी लागते, त्यामुळे नांदेड किंवा संभाजीनगरचं विद्यापीठ सोयीचं. नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीचे महिना ३७,००० मिळाले तर लांबही जाईन. नव्यानं एम.ए. मात्र शक्य नाही.

वाणिज्यातून नेट काढून जनसंवाद किंवा मॅनेजमेंटमध्ये पीएच.डी.ला प्रवेश मिळालेलं इथं कुणी आहे का? की वाणिज्यातच राहून हा विषय मांडावा, आणि तसा विषय घेणारे मार्गदर्शक या दोन्ही विद्यापीठांत आहेत का?