मदत हवी आहे: 'कोवाक्स' आडनावाचा अर्थ काय? (तातडीचं)

लगीनघाई: भाचीचं लग्न ठरलंय, मुलगा तिकडचाच. आडनाव कोवाक्स. पत्रिकेत मराठीत कसं छापायचं आणि अर्थ काय? आईने विचारून विचारून डोकं खाल्लंय. प्रेसवाल्याला आज रात्री मजकूर द्यायचाय. 'गूगल करा' सांगू नका, केलंय.

खडीसाखर: तिकडचा म्हणजे कुठला?

लगीनघाई: युरोपातला.

बाराखडी: 'कोवाक्स' नाही हो, 'कोवाच'. अर्थ लोहार. स्लाव्ह भाषांत (रशियन, पोलिश, सर्बियन वगैरे) 'कोवाती' म्हणजे तापलेलं लोखंड ठोकून घडवणं. स्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष मिखाल कोवाच, २०१८-१९ला बायर्न म्युनिक या जर्मन फुटबॉल क्लबचा कोच असलेला क्रोएशियाचा निको कोवाच, सगळे तेच. पोलंडमध्ये कोवाल्स्की, युक्रेनमध्ये कोवालेन्को. रशियन कुझनेत्सोव्हचं मूळही तेच.

दानूबकाठ: थांबा. स्पेलिंगच्या शेवटी एस आहे ना? मग हंगेरियन. त्यांच्यात सी-एस मिळून 'च' होतो. आणि हंगेरियन ही स्लाव्ह भाषा नाही.

बाराखडी: भाषा नसेल. शब्द स्लाव्हांकडूनच उचललाय.

दानूबकाठ: म्हणून माणूस स्लाव्ह? फडणीस शब्द फारसीतून आला म्हणून फडणीस इराणी झाले का?

खडीसाखर: फडणीस कुठून आले मध्येच! अहो लगीनघाई, देश सांगा.

लगीनघाई: सर्बिया. गाव सुबोटिका. काय फरक पडतो?

दानूबकाठ: इथेच पडतो. सुबोटिका हंगेरीच्या सीमेला लागून आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत हंगेरीच्याच राज्यात होतं, तेव्हाचं नाव सबाद्का. अजूनही तिथे हंगेरियन पुष्कळ. सर्बियन कोवाच असता तर शेवटी एस नसता, सीच्या डोक्यावर छोटी टोपी असती. मुलगा स्वतः कसं लिहितो?

कोर्टकचेरी: स्पेशल मॅरेज ॲक्टखाली करणार असाल तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. परदेशी वराची कागदपत्रं आत्ताच गोळा करा.

खडीसाखर: हे कोणी विचारलं?

भटक्या: फेरारीचा अर्थही लोहारच बरं का. जर्मन श्मिट, इंग्रजी स्मिथ, अरबी हद्दाद...

लगीनघाई: एस आहे. मेलमध्ये आडनाव आधी लिहितो, नाव नंतर. आम्हाला वाटलं घाईत उलटं टाकलं.

दानूबकाठ: उलटं नाही, हंगेरियन रीतच ती. पत्रिकेत तुमच्या पद्धतीने नाव आधी घ्या, पण 'कोवाच'च छापा.

लगीनघाई: पाठवला मजकूर. आभार.

बाराखडी: तरी शब्द स्लाव्हच.